कडूबाईनं चाळलेली राख

म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि राखेनं माखलेले दाणे टेबलावर ओतले.

"माझ्या तात्याबाला गोळ्या घालून मारलंय," ती म्हणाली. "हे छर्रे त्येच्या राखंत घावले. सत्तेचाळीस हायत. मोजून घे."

सहायक पोलीस निरीक्षक गहिनीनाथ खाडे भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसला. २०१९चा मे महिना, दुपारचे दोन. वाघदऱ्याच्या पोलीस चौकीतला पंखा बंद होता, कारण वीज नव्हती. वीज असती तरी तो फिरला असता याची खात्री नव्हती. सकाळपासून खाडेनं टँकरवरची दोन भांडणं मिटवली होती आणि छावणीतून चोरीला गेलेली गाय दुसऱ्या छावणीत चारा खाताना शोधून काढली होती. पाऊस पडत नाही म्हणून माणसं एकमेकांवर चिडतात आणि सगळे मिळून चौकीवर येतात. त्याला आता फक्त जेवायचं होतं.

पण समोर कडूबाई होती. तिचा मुलगा तात्याबा, पन्नाशी उलटलेला मेंढपाळ. दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, माळावरच्या जुन्या विहिरीच्या तळाशी उरलेल्या सडक्या पाण्यातून त्याचं प्रेत काढलं होतं. पाणी शेंदायला वाकला, पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, असं पंचनाम्यात होतं आणि पंचनाम्यावर सही खाडेची होती. मे महिन्यात चार दिवस पाण्यात राहिलेलं प्रेत. चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता. डॉक्टरांनी विहिरीच्या काठावरच लिंबाखाली शवविच्छेदन उरकलं. लाल पटका आणि गळ्यातला बिरोबाचा ताईत बघून बायकोनं, रतनबाईनं, दहा हातांवरूनच मान हलवली होती. खाडेनं नाकाला रुमाल लावून अर्ध्या तासात कागद पुरे केले. त्या दिवशी जास्त वेळ बघायची इच्छा कुणालाच नव्हती, त्याला तर मुळीच नाही.

त्यानं एक दाणा उचलला. छर्रा गोल असतो. हा लांबट होता, तांदळाच्या कणीएवढा, दोन्ही टोकं बंद. सगळे दाणे एका साच्यातले. त्यानं तो कागदावर घासला. शिसं कागदावर काळी रेघ ओढतं, यानं ओढली नाही.

"कुणी मारलं म्हणता, आजी?"

"इठ्ठलरावानं. दुसरं कोन?"

विठ्ठलराव जगताप म्हणजे तालुक्याच्या दूध संघाचे संचालक. वय सहासष्ट. त्यांच्या मळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं होतं आणि त्या उन्हाळ्यात चार वस्त्यांमध्ये तेवढंच पाणी दिसत होतं. कडूबाईचं म्हणणं असं की मेंढरांच्या खुरांनी कागद फाटतो म्हणून विठ्ठलरावांनी चारचौघांत दम दिला होता, पुन्हा आलास तर बंदूक चालवीन.

"तीस वर्सं माझ्या तात्याबाची मेंढरं त्येच्या रानात बसत्यात, खतासाठी. दोघं एका पानाची तंबाखू खायचे. अन् औंदा शिमग्यापास्नं उभं बी करंना. लांब हो, लांब हो म्हनायचा. कावून? आमी काय महारोगी हाव?"

खाडेनं कपाटाकडं बघितलं. निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा परवान्याच्या सगळ्या बंदुका जमा झाल्या होत्या. विठ्ठलरावांची बंदूक मार्चपासून चौकीच्या कपाटात होती आणि तिची पावती त्यानंच फाडून दिली होती.

त्यानं दुसरंच विचारलं. "आजी, तुमच्यात तर पुरतात. मग राख कुठून आली?"

"सून म्हनली, जाळा. कुजलंय, पुरलं तर कुत्री उकरतील म्हनली. मी काय बोलू? जाळल्यावर तिसऱ्या दिशी सावडावं लागतं, असं गावातल्या बाया म्हनल्या. सून उठली न्हाई. दीर मुंजाजी मेंढरं घिऊन नदीकडं गेलाय, तात्याबाचं कुत्रं सुदिक त्येच्याच मागं गेलं. मालकाच्या मातीला बी आलं न्हाई बग ते. मंग मीच गेले, पिठाची चाळणी घिऊन."

मुंजाजी म्हणजे तात्याबाचा चुलतभाऊ. खाडेनं दाणे काड्यापेटीत भरले. म्हातारी दारात थांबली. ज्यानं मारलं त्याचं नाव मला कळल्याशिवाय मी मरणार नाही, असं तिनं सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती दमलेली होती, आणि त्याचंच खाडेला जास्त भय वाटलं.

विठ्ठलरावांच्या घरी त्यांच्या पत्नी विमलबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. आत सून वावरत होती, सातवा महिना लागलेली. तीन वर्षांची नात दाराला लटकत होती.

"राव कुठंयत?"

"सहलीला गेलेत," विमलबाई म्हणाल्या.

सहल म्हणजे काय ते तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वीस तारखेला दूध संघाच्या अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव होता. असा ठराव आला की अध्यक्ष आपल्या बाजूचे संचालक एका बसमध्ये भरतो, सगळ्यांचे मोबाईल काढून घेतो आणि मतदानाच्या सकाळपर्यंत त्यांना कोकणात नाहीतर गोव्यात फिरवतो. बायका कुठं गेलात म्हणून विचारत नाहीत. नवरा उन्हानं काळवंडून, काजूची पिशवी घेऊन परत येतो. गुरंढोरं छावणीत आणि संचालक सहलीवर, एवढाच दोघांत फरक.

"शनिवारी गाडी आली, ती तुम्ही पाहिली?"

"न्हाई. गाडी तळ्यावरच येनार व्हती. ते शिमग्यापास्नं तिथंच ऱ्हात्यात."

"का?"

विमलबाईंनी सूप खाली ठेवलं. शिमग्याच्या आधी ते मुतखड्याचं ऑपरेशन म्हणून पुण्याला गेले, आले ते सरळ बाज उचलून तळ्यावर. जेवण उंबऱ्याबाहेर ठेवायचं. जी नात त्यांच्या मांडीवर झोपायची ती धावत गेली तर मागं सरकले आणि ओरडले. सून ताट वाढायला आली तर उठून निघून गेले. पोरगी तेव्हापासून रडते आहे.

"तिला दिवस ऱ्हायले अन् यांचं घरावरनं मनच उडालं. मी इचारलं, तर म्हनले, आखाडापोत्तर काई इचारू नगंस." मग त्यांनी सूप पुन्हा उचललं. "जाताना माझी चहाची गाळनी अन् चिमटा नेला. चहाची भुकटी न्हाई नेली. आता गाळनीनं काय गाळत असतील?"

खाडेनं चौकीत येऊन बसच्या ड्रायव्हरला फोन लावला, कारण संचालकांचे फोन काढून घेतले तरी ड्रायव्हरचा कुणी घेत नाही. त्यानं अध्यक्ष राधाकिशन यांना दिला. राधाकिशन फणकारले. शनिवारी गाडी तळ्यावर गेली, तिथं चिटपाखरू नव्हतं, माणूस फुटला, सुंदररावांनी पळवला. मग खाडेनं विरोधी गटाच्या सुंदररावांना विचारलं. ते हसले. म्हणाले, विठ्ठलराव तर राधाकिशनच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसलेत.

दोन्ही बाजूंनी माणूस दुसऱ्याच्या खिशात आहे असं धरून चाललं होतं. सहा दिवस झाले, कुणीही शोधलं नव्हतं. सहकारात माणूस दिसेनासा झाला तर तो मेला असेल असं कुणाच्या मनातच येत नाही.

उन्हं उतरायच्या आत खाडे तळ्यावर पोचला. पाणी हिरवं पडलं होतं. कुंपणाच्या काट्यांना लोकर अडकली होती आणि काठावर लेंड्या वाळल्या होत्या. मोटारीच्या सिमेंटच्या ओट्याचा एक कोपरा तपकिरी डागळलेला. त्यानं नखानं खरवडलं. गंज नव्हता.

झोपडीत बाज, पाण्याचा माठ, घडी केलेले कपडे. कोपऱ्यात आडोसा करून एक प्लास्टिकचं भांडं ठेवलेलं, वर ती गाळणी, गाळणीवर पांढरं फडकं. बाजूला चिमटा. बाजेखाली कुंकवाच्या करंड्याएवढी एक डबी होती. ती उचलताना हात खाली ओढला गेला, इतकी जड. शिशाची होती. आत एकच दाणा.

खाडेनं खिशातली काड्यापेटी उघडून शेजारी धरली. दोन्हीकडं तोच दाणा होता.

खुंटीवरच्या पिशवीत पुण्याच्या एका रुग्णालयाचं कार्ड सापडलं, इंग्रजीत, खाली फोन नंबर. त्यानं तिथूनच फोन लावला आणि अर्धा तास बोलला. तीन गोष्टी त्यानं दोनदा विचारल्या आणि लिहून घेतल्या. मग चिमट्यानं एकेक दाणा उचलून डबीत टाकला, झाकण लावलं, हात धुतले. त्यानंतर बराच वेळ तो त्या बाजेवर बसून राहिला. प्रश्न सुटला होता. उत्तर कुणाला सांगायचं हे मात्र त्याला नको झालं होतं.

तात्याबाची वस्ती माळाच्या टोकाला. झोपडीमागं दगडांचे ढीग ओळीनं रचलेले: सासरा, आजेसासरा, एक लहानपणीच गेलेलं मूल. सगळे पुरलेले. रतनबाई चुलीपुढं होती. कपाळ मोकळं, हात ओकेबोके. कडूबाई दाराशी पाय पसरून बसली होती. पोलिसाला बघून ती उठू लागली. खाडेनं तिला बसा म्हटलं.

"घरात माणसं किती?" त्यानं रतनबाईला विचारलं.

"आमी दोघीच."

"आणि भाकरी?"

परातीत सात भाकरी होत्या. रतनबाईनं त्यावर फडकं टाकलं. "मुंजाजीभावजी येत्यात न्यायला. मेंढरामागं हायत ना."

"एकटा गडी पाच भाकरी खातो?"

तिनं परात मागं सरकवली.

"वहिनी, तुमच्या घराण्यात आजवर कुणाला जाळलंय?"

"न्हाई."

"मग यालाच का?"

"सांगितलं की सायब. कुजलं व्हतं."

"कुजलेलं तर जमिनीतच घालतात."

कडूबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "छर्र्याचं काय झालं ते सांग की," ती म्हणाली.

खाडे तिच्यासमोर जमिनीवर बसला. उभ्यानं सांगण्यासारखं ते नव्हतं.

"आजी, ते छर्रे नाहीत. ते औषध आहे. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. तिला कॅन्सर झाला की काही माणसांना डॉक्टर सुईनं असे दाणे आत पेरतात. प्रत्येक दाण्यात थोडा किरणांचा अंगार भरलेला असतो. तो आतल्या आत रोग जाळतो आणि हळूहळू विझतो. दोन महिन्यांत निम्मा, मग आणखी निम्मा. दाणे मात्र जन्मभर आतच राहतात. वरचं कवच टायटॅनियमचं असतं, चितेच्या आगीत वितळत नाही."

"माझ्या तात्याबाला कसला रोग नव्हता."

"नव्हता. विठ्ठलरावांना होता."

चुलीतलं लाकूड तडकलं. रतनबाईनं ते मागं ओढलं नाही.

"मार्चमध्ये पुण्यात त्यांच्यात बासष्ट दाणे बसवले," खाडे सांगत राहिला. "डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटुशी बाई आणि लहान लेकरू काही महिने जवळ घ्यायचं नाही. लघवी गाळून घ्यायची, एखादा दाणा पडला तर चिमट्यानं उचलून शिशाच्या डबीत टाकायचा. रोग असा जागेचा की लाजेनं त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. मुतखडा म्हणाले आणि तळ्यावर जाऊन राहिले. एक दाणा पडला, तो डबीत आहे. एकसष्ट अंगात होते. त्यातले सत्तेचाळीस तुम्ही चाळून आणलेत, बाकीचे अजून राखेत असतील. उद्या पुण्याची माणसं येऊन ती राख उचलतील. विहिरीतून मी जो बाहेर काढला आणि तुमचा म्हणून जाळू दिला, तो तात्याबा नव्हता. विठ्ठलराव होते."

"पटका त्याचा, ताईत त्याचा. बाकी सगळं दुसऱ्याचं. आणि ते एकाच माणसाला दिसायला हवं होतं." खाडे रतनबाईकडं वळला. "तुम्ही दहा हातांवरून ओळखलं, जवळ आला नाहीत. लोक म्हणाले, दुःखानं दगड झाली. मीही तेच म्हणालो. कुत्रं मालकाच्या मातीला आलं नाही, कारण मालक मेला नव्हता. ते मालकामागंच गेलं. तुम्ही जाळायला लावलं, कारण पुरलेलं उकरता येतं. उद्या विठ्ठलराव हरवल्याचा गवगवा झाला आणि कुणी शंका काढली, तर हाडं बोलली असती. राख बोलणार नाही असं तुम्हाला वाटलं. वहिनी, तुमच्या रीतीप्रमाणं पुरलं असतं ना, तर मला जन्मात कळलं नसतं."

रतनबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मारायचं नव्हतं," ती म्हणाली. "शुक्रवारची दुपार. चार दिस मेंढरास्नी पानी नव्हतं, सात कोकरं मेलती. यांनी मेंढरं तळ्यावर नेली. पाया पडायला म्हनून हे म्होरं झाले, तर त्यो मागं सरला, लांब हो म्हनला, हात लावू नगंस म्हनला. तीस वर्साचा दोस्त. यास्नी तेच लागलं. ढकललं. त्यो मोटारीच्या ओट्यावर पडला तो उठलाच न्हाई." तिनं श्वास घेतला. "हे पोलिसात जातो म्हनत व्हते. मी न्हाई जाऊ दिलं. मेलेल्याला पोलीस हुडकत न्हाईत म्हनून कापडं मी बदलली. ईर मीच दाखवली. जमीन दगडागत झालीय सायब, खड्डा कुटं खनावा? तुमी माजं नाव लिवा."

"जिता हाय?" कडूबाईनं विचारलं.

उत्तराची वाट तिनं बघितली नाही. ती भिंतीला धरून उठली आणि हसली, दात नसलेल्या तोंडानं, खुदकन. "माझा तात्याबा जिता हाय? अगं मंग मला का न्हाई सांगितलंस? मी तीन दिस ऊर बडवती."

"तुमचं रडनं खरं असाया पायजे व्हतं, आत्या," रतनबाई म्हणाली. "आमचं दोघांचं खोटं व्हतं." मग तिचा बांध फुटला. "तुमी कशाला चाळली ओ ती राख? कुनी सांगितलं व्हतं तुमाला?"

म्हातारीचं हसू हळूहळू गेलं. सगळं तिला एकदम कळलं नाही, तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि खाडेनं मान फिरवली.

"माझं लेकरू म्हनून चाळली," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी खाडे विमलबाईंकडं गेला आणि दोन गोष्टी सांगितल्या. नवरा गेला हे ऐकून त्या ओरडल्या नाहीत. तो घरापासून लांब का राहिला हे ऐकल्यावर मात्र त्यांनी सुनेला जवळ बोलावलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडल्या. मुंजाजीच्या मागं खाडेनं पोलीस पाठवले नाहीत. भाकरी न्यायला तो आला तेव्हा त्याच्याकडं तात्याबासाठी एवढाच निरोप दिला की विठ्ठलरावांनी तुला लांब हो का म्हटलं ते मला माहीत झालंय, हवं असेल तर येऊन ऐक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तात्याबा स्वतःच्या पायांनी चौकीत आला. दाढी वाढलेली, अंगावर मुंजाजीचा सदरा. तो भिंतीला टेकून खाली बसला. रतनबाईला मध्ये घेऊ नका, असं एकदा म्हणाला. ते माझ्या हातात नाही, असं खाडेनं सांगितलं, आणि मग बाकीचंही सगळं सांगितलं.

तात्याबानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मंजी मला इटाळ धरत नव्हता?"

"नाही. तुझ्यासारख्या गड्याला तसा फारसा धोकाही नव्हता. पण माणूस घाबरलेला होता. आपल्यामुळं कुणाला काही होऊ नये म्हणून सगळ्यांनाच लांब ठेवत होता."

"मला सांगायचं की मंग," तात्याबा म्हणाला. "मी काय गावभर केलं असतं?"

त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं.

तेवढ्यात कडूबाई आली, चार मैल उन्हातून चालत. तिनं लेकाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग खाडेला विचारलं, "फाशी देत्याल का?"

"फाशी नाही होणार, आजी. पण बरीच वर्षं जातील."

तिनं मनातल्या मनात आपलं वय मोजलं असावं. "मंजी मी ऱ्हात न्हाई तवर," ती म्हणाली आणि लेकाच्या शेजारी बसली.

तालुक्याच्या ठाण्यातून, आष्टीहून, गाडी निघाल्याचा फोन आला. पोचायला दीड तास लागेल, म्हणाले. हवालदारानं कपाटातून बेडी काढून टेबलावर ठेवली. खाडेनं ती पुन्हा कपाटात ठेवायला सांगितली आणि गाडी येऊन उभी राहीपर्यंत त्या दोघांकडं पाठ करून कागद लिहीत बसला.